पाचशेपैकी तीनशे बारा

वेणूने पेटी उघडली तेव्हा मी आधी कागद पाहिला.
सवय जात नाही. तेहतीस वर्षं
नोटांच्या प्रेसमध्ये तपासणीच्या टेबलावर काढली की
माणूस लग्नाची पत्रिकासुद्धा
उजेडासमोर धरतो.

सोनेरी पट्टी, कोरीव नक्षी, खाली आकडे :
पाचशेपैकी तीनशे बारा.
"मोजकेच काढलेत, मावशी. पुन्हा नाही निघणार."
तीनाचा आकडा केसभर डावीकडे सरकलेला.
आमच्याकडे हा कागद बाद झाला असता.
बोलले नाही. पोरगा
गंगापूर धरणापलीकडे वायनरीत चवी ओळखायची नोकरी करतो,
आणि असा एक सिगार म्हणजे त्याचा आठवड्याचा पगार.

जेलरोडची गच्ची. कार्तिकातला गारठा.
प्लास्टिकच्या दोन खुर्च्या, लांब काड्यांची आगपेटी,
वेणूची वही : बांधणी, ओढ, राख, चव, एकूण शंभरपैकी.
"डोळे तुझे, जीभ माझी," म्हणाला,
आणि टोक कापून पहिल्यांदा माझ्याच हातात दिला.
बासष्टाव्या वर्षी.
समोरच्या कुलथेबाईंनी पडदा ओढला,
मग फट ठेवली.

पेटवण्याआधी नुसताच ओढून बघायचा असतो म्हणे.
ओढला.
सुकं गवत, मनुके, ओलं गोणपाट.
वेणूने मनुके लिहिले. गोणपाट लिहिलं नाही.

पहिला तिसरा हिस्सा मिऱ्यांचा.
दुसऱ्यात त्याला कोको लागला, देवदार लागला.
देवदार मी पाहिलेला नाही,
मला पेन्सिल लागली, दुसरीतली, चावलेली.
"तेच ते! पेन्सिल देवदाराचीच असते."
बघा.

राख दोन बोटं लांब, पांढरी, न मोडता.
सिगार बोटांत फिरवला. वरचं पान
तिरकं गुंडाळत आणलेलं, शीर कुठे वर नाही,
पण मधे एक वेटोळं सैल.
तिथे कुणीतरी मान वर केली होती.
हाक आली असेल, पोर रडलं असेल,
नाहीतर जेवणाची घंटा.

हे मला प्रेसने नाही शिकवलं.

सिन्नरला आमची आई, लच्छमाबाई, मांडीवर सूप घेऊन
दिवसाला हजार वळायची.
टेंभुर्णीचं भिजवलेलं पान, पत्र्याचा साचा, कात्री,
चिमूटभर जर्दा, दोरा,
शेवटी नखाने तोंड मुडपायचं.
संध्याकाळी कारखान्यात चेकर
मूठभर उचलायचा, बघायचाही नाही,
"छाट" म्हणून बाजूला टाकायचा.
छाटीचे पैसे नाहीत. छाट परतही नाही.
त्या विड्या कुठे जायच्या ते अख्ख्या आळीला ठाऊक.
मी परीक्षा देऊन तपासनीस झाले तेव्हा
आई एवढंच म्हणाली :
बघून टाकत जा.

शेवटचा हिस्सा. "इथे बहुतेक जण सोडून देतात, कडू होतो."
झाला कडू.
मी थांबले नाही, कारण ही चव
मला पाठ होती. भाताचा पहिला घास,
तिच्या हातचा, कितीही राखेने हात घासले तरी
नखाखाली उरलेला जर्दा.
आम्ही चौघं भावंडं तो न बोलता गिळायचो.
दुसरा बरा लागायचा.

"काय लिहू, मावशी?"
वहीत भाताला रकाना नव्हता.
"लिही, एक वेटोळं सैल. बाद करू नये."
"आणि मार्क?"
"जेवल्यावर सांगते."

पट्टी ओल्या बोटाने सोडवून घेतली,
गच्चीच्या दिव्यासमोर धरली. जलचिन्ह नव्हतं.
कशाला असेल.
कुलथेबाईंची फट अजून तेवढीच.
मी उरलेलं थोटूक हात उंच करून
त्यांना नीट दाखवलं,
दोन्ही बाजूंनी.